चिपवरची रामन तपासणी : तोंडातला चट्टा बायोप्सीशिवाय ओळखता येईल का?

तोंडात पांढरा चट्टा दिसला आणि डॉक्टरांनी बायोप्सी करायला सांगितली, की दोन प्रश्न हमखास येतात. घरातली मोठी माणसे विचारतात, "तुकडा न काढता कळणार नाही का?" आणि सोबत आलेला मुलगा किंवा मुलगी मोबाइल पुढे करून विचारते, "लेसरच्या चिपने कॅन्सर ओळखता येतो असं वाचलंय. ती तपासणी कुठे होते?"

मोबाइलवरची ती माहिती अगदीच निराधार नसते. प्रकाशाच्या साह्याने पेशींमधला बदल ओळखण्याची एक पद्धत खरोखर आहे. तिला रामन स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. तिचा पाया भारतात घातला गेला आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी तिच्यावर आपल्या महाराष्ट्रातच बरेच संशोधन झाले आहे. त्यासाठी लागणारे मोठे यंत्र नखाएवढ्या चिपवर बसवण्याचे प्रयत्नही चालू आहेत.

मात्र तोंडातल्या संशयास्पद चट्ट्याचे पक्के निदान आजही बायोप्सीनेच होते. हे नवे तंत्र काय आहे, ते कुठवर आले आहे आणि तोवर रुग्णाने व घरच्यांनी काय करावे, हे या लेखात पाहू.

रामन परिणाम म्हणजे काय?

बाजारातून माठ घेताना आपण त्यावर बोटाने टिचकी मारतो. आवाज खणखणीत आला तर माठ चांगला, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. त्यासाठी माठ फोडून पाहावा लागत नाही. रामन तपासणीत अशीच टिचकी प्रकाशाने मारली जाते.

आपल्या शरीरातला प्रत्येक पदार्थ रेणूंचा बनलेला असतो आणि रेणूमधले अणू सतत कंप पावत असतात. अशा पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर परत फिरणारा बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा असतो. पण त्यातला अगदी थोडा भाग आपली काही ऊर्जा रेणूच्या कंपनाला देऊन येतो आणि त्यामुळे त्याचा रंग किंचित बदललेला असतो. रंग किती बदलला, यावरून समोर कोणता रेणू आहे हे कळते. प्रथिने, चरबी, डीएनए, ग्लुकोज या प्रत्येकाची अशी स्वतःची खूण असते. या खुणा आलेखावर उंच-सखल टोकांच्या रूपात दिसतात.

सर सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी कोलकात्यातल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत हा परिणाम शोधला. ती तारीख होती २८ फेब्रुवारी १९२८. म्हणूनच आपण २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो. या शोधासाठी रामन यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मग शंभर वर्षे होत आली तरी ही तपासणी दवाखान्यात का आली नाही? कारण ही खूण अतिशय क्षीण असते. साधारण एक कोटी प्रकाशकण टाकावेत तेव्हा त्यातला एखादाच असा रंग बदलून येतो. त्याला बाकीच्या गर्दीतून वेगळे काढायला शक्तिशाली आणि एकाच रंगाचा प्रकाश लागतो, उत्तम गाळण्या लागतात आणि अतिशय संवेदनशील कॅमेरा लागतो. १९६० मध्ये लेसर आला, तेव्हा हे काम सोपे होऊ लागले. तरीही ही यंत्रे दीर्घकाळ प्रयोगशाळेतल्या टेबलावरच राहिली.

कॅन्सर झाल्यावर या खुणेत काय बदलते?

गालाच्या आतल्या निरोगी त्वचेकडून येणाऱ्या रामन खुणेत चरबीचा वाटा ठळक असतो. त्या जागी गाठ वाढू लागली की पेशींची रचना बदलते, त्यांची संख्या वाढते आणि खुणेत चरबीऐवजी प्रथिनांची टोके वरचढ होतात. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण आलेखात दिसतो.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. सी. मुरली कृष्णा यांच्या गटाने तोंडाच्या कॅन्सरवर या पद्धतीने अनेक वर्षे काम केले. सुरुवातीला शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांवर तपासण्या झाल्या. नंतर एका बारीक प्रोबमधून, म्हणजे पेनासारख्या नळीतून, लेसरचा प्रकाश थेट रुग्णाच्या गालावर टाकून काही सेकंदांत नोंदी घेतल्या गेल्या. कॅन्सरची जागा, कॅन्सरपूर्व चट्टा, त्याच रुग्णाचा दुसऱ्या बाजूचा चांगला गाल आणि निरोगी माणसाचा गाल यांत फरक करता येतो का, हे तपासले गेले. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनीही टाटा मेमोरियल रुग्णालयाबरोबर अशाच प्रकारचे काम केले आहे.

या कामातून आशा वाटावी असे निष्कर्ष निघाले. ढोबळ फरक चांगला ओळखता येतो. अडचण येते ती मधल्या अवस्थांमध्ये. तंबाखू खाणाऱ्याचा वरवर चांगला दिसणारा गालही निर्व्यसनी माणसाच्या गालासारखा राहिलेला नसतो. त्यामुळे व्यसनाने झालेला बदल, साधी सूज आणि कॅन्सरपूर्व बदल यांच्या खुणा काही वेळा एकमेकींत मिसळतात.

एवढे मोठे यंत्र चिपवर कसे बसवतात?

आपल्या जिल्ह्यातल्या कोणाही शेतकऱ्याला कालवा समजावून सांगावा लागत नाही. उजनीचे पाणी कालव्यातून वाहते, पण काठाची माती ओली राहते आणि काठावरच्या झाडांची मुळे त्या ओलीवर वाढतात. चिपवरची रामन तपासणी अशाच तत्त्वावर चालते.

चिपवर प्रकाशासाठी एक अतिसूक्ष्म वाट कोरलेली असते. तिला वेव्हगाइड म्हणतात. ती बहुधा सिलिकॉन नायट्राइड या पदार्थाची असते आणि तिची रुंदी एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना यावी. लेसरचा प्रकाश या वाटेतून वाहतो, पण थोडासा प्रकाश कालव्याच्या ओलीसारखा वाटेच्या बाहेर डोकावतो. वाटेला चिकटून लाळेचा किंवा रक्ताचा थेंब असेल, तर त्यातल्या रेणूंवर हा प्रकाश पडतो. ते रेणू रंग बदललेला प्रकाश टाकतात आणि त्यातला काही भाग पुन्हा त्याच वाटेत शिरून पुढे मोजला जातो.

फायदा असा की, ही वाट जिलेबीसारखी गोल गोल वळवून काही सेंटिमीटर लांबीची वाट तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत बसवता येते. कालवा लांब तितकी जास्त मुळे ओली होतात. तसे या वाटेच्या लांबीवर जागोजागी थोडी थोडी खूण गोळा होते आणि मूळची क्षीण खूण मोजण्याइतकी होते.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या आणि आयमेक या संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये अशा सिलिकॉन नायट्राइडच्या वाटेवरून रामन खूण मिळवून दाखवली. त्यांनी वापरलेला द्रव होता आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे सॅनिटायझरमध्ये वापरला जाणारा एक सामान्य पदार्थ. त्यानंतर इतरही प्रयोगशाळांनी हे काम पुढे नेले. कॉम्प्युटरच्या चिप ज्या पद्धतीने बनतात, त्याच पद्धतीने या चिपही बनवता येतात. त्यामुळे पुढे त्या मोठ्या संख्येने आणि कमी खर्चात तयार होतील, ही यामागची मोठी आशा आहे.

'चिप' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो

बातमी वाचताना हा फरक लक्षात ठेवा.

पहिल्या प्रकारात नमुना चिपला टेकवावा लागतो. कारण वाटेबाहेरची 'ओल' मायक्रॉनचा एक लहानसा भाग एवढीच दूर जाते. गालाच्या आतली एक पेशी साधारण ५० मायक्रॉन रुंद असते. म्हणजे ही चिप एका पेशीच्याही आत पुरते पाहू शकत नाही. गालावर ठेवून आतली गाठ शोधणे हे तिचे काम नाही. लाळ, रक्तातला द्रव किंवा गालावरून ब्रशने खरवडलेल्या पेशी यांची तपासणी हे तिचे क्षेत्र आहे.

दुसऱ्या प्रकारात गालावर प्रकाश टाकण्याचे काम नेहमीच्या प्रोबनेच होते. परत आलेल्या प्रकाशाचे रंग वेगळे करण्यासाठी जे मोठे उपकरण लागते, तेवढे चिपवर आणलेले असते. हे साधले तर टेबलाएवढे यंत्र पिशवीत मावेल आणि आरोग्य उपकेंद्रापर्यंत नेता येईल.

हातात धरायची रामन यंत्रे आजही आहेत. औषध कारखान्यांत आलेला कच्चा माल ठरल्याप्रमाणेच आहे ना, हे त्यांनी तपासतात. पण पोत्यातली शुद्ध पावडर ओळखणे आणि माणसाच्या तोंडातला चट्टा ओळखणे, यात पुष्कळ अंतर आहे. पावडरीत एकच पदार्थ असतो. गालावर मात्र हजारो प्रकारचे रेणू एकत्र असतात.

अडचणी नेमक्या कुठे आहेत?

चिपची स्वतःची खूण. लेसरचा प्रकाश चिपच्या पदार्थातून जातो, तेव्हा तो पदार्थही स्वतःची खूण सोडतो. माठावर टिचकी मारताना बोटातली अंगठीही वाजावी, तसा हा प्रकार होतो. मोजायची खूण आधीच क्षीण, त्यात हा गोंगाट मिसळतो.

लेसर वेगळा काढणे. रंग न बदललेला लेसरचा प्रकाश खुणेच्या कोट्यवधी पट जास्त असतो. तो जवळजवळ पूर्णपणे अडवणारी गाळणी चिपवरच तयार करणे कठीण आहे. त्यामुळे अनेक प्रयोगांत वाट चिपवर असते, पण लेसर, गाळण्या आणि कॅमेरा बाहेर टेबलावरच असतात.

तोंडातली परिस्थिती. लाळेतली प्रथिने चिपच्या पृष्ठभागावर चिकटतात. तंबाखूचे आणि पानाचे डाग किंवा अन्नातले रंग लेसरखाली स्वतःच चमकू शकतात आणि त्या चमकेत रामन खूण बुडून जाते.

माणसामाणसांतला फरक. वय, व्यसन, हिरड्यांचा आजार, रक्ताची कमतरता यांनी प्रत्येकाची खूण थोडी वेगळी असते. यंत्राला हे सगळे शिकवायला वेगवेगळ्या गावांतल्या मोठ्या संख्येच्या लोकांवर, बायोप्सीच्या निकालाशी ताडून चाचण्या कराव्या लागतात. याला वेळ लागतो आणि लागायलाही हवा.

'९० टक्के अचूक' म्हणजे काय?

अशा बातम्यांत टक्केवारी मोठी दिसते. ती कशी वाचावी, यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, एका गावातल्या १,००० लोकांची तपासणी केली आणि त्यातल्या १० जणांना खरोखर आजार आहे. यंत्र आजारी १०० पैकी ९० जणांना बरोबर ओळखते आणि निरोगी १०० पैकी ९० जणांना 'ठीक आहे' असे बरोबर सांगते.

- १० आजारी लोकांपैकी ९ सापडतील, १ सुटेल.
- ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांना यंत्र चुकून 'संशय आहे' म्हणेल.
- एकूण १०८ जणांना 'संशय आहे' असे उत्तर मिळेल आणि त्यातले फक्त ९ खरोखर आजारी असतील.

म्हणजे संशय सांगितलेल्या प्रत्येकाला पुढे बायोप्सी लागेलच. आणि जो एक सुटला, तो 'मशीनने चांगलं सांगितलं' म्हणून निर्धास्त राहील. त्याचेच नुकसान सगळ्यात मोठे होईल. यासाठीच असे यंत्र आले तरी ते सुरुवातीला डॉक्टरांच्या मदतीला असेल. मोठ्या चट्ट्यातल्या नेमक्या कोणत्या जागेचा तुकडा घ्यावा, वारंवार तपासाव्या लागणाऱ्या चट्ट्यात बदल होतो आहे का, शस्त्रक्रियेत गाठीची कड पूर्ण निघाली का, अशा कामांत त्याचा उपयोग होऊ शकतो.

घड्याळाने किंवा अंगठीने साखर मोजता येते का?

रामन तपासणीचे नाव घेऊन सर्वांत जास्त चर्चा होते ती सुई न टोचता साखर मोजण्याची, म्हणून इथे सांगणे गरजेचे आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये जिवंत डुकरांच्या त्वचेतून ग्लुकोजची रामन खूण थेट दिसते, हे दाखवून दिले. हे संशोधन महत्त्वाचे आहे आणि या दिशेने काम चालू आहे.

पण बाजारात 'टोचल्याशिवाय शुगर' म्हणून विकली जाणारी स्वस्त घड्याळे आणि अंगठ्या ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की, त्वचेला न टोचता स्वतःच साखर मोजतो असा दावा करणारे घड्याळ किंवा अंगठी वापरू नये आणि अशा एकाही उपकरणाला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. अशा आकड्यावर विसंबून कोणी इन्सुलिनचा डोस ठरवला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घरी बोटाला टोचून पट्टीवर साखर मोजत असाल, तर तेच चालू ठेवा. दंडावर लावायच्या सेन्सरमध्ये त्वचेखाली बारीक तार जाते. ते वेगळे आणि मान्यताप्राप्त साधन आहे.

आज आपल्या हातात काय आहे?

एक आरसा आणि एक टॉर्च. हे ऐकायला किरकोळ वाटते, पण त्याला भक्कम आधार आहे.

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली आणि संशयास्पद चट्टे दिसलेल्यांना डॉक्टरांकडे पाठवले. २००५ मध्ये याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्या लोकांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. व्यसन नसलेल्यांमध्ये असा स्पष्ट फायदा दिसला नाही. म्हणजे ज्यांना धोका जास्त, त्यांच्या तोंडात वेळेवर डोकावून पाहिले तरी जीव वाचतात.

आपल्या भागात हा धोका कोणाला? मावा किंवा गुटखा खाणाऱ्यांना, तंबाखूची चिमूट ओठात धरणाऱ्यांना, सुपारी चघळणाऱ्यांना, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणि दारू पिणाऱ्यांना. यात घरातल्या बायकांकडे दुर्लक्ष होते. मिश्री लावणाऱ्या आजी, आई किंवा मावशी "मी कुठे तंबाखू खाते?" असे म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी, चुना आणि तंबाखू घोटून केलेला मावा तेवढाच घातक आहे.

घरी तोंड कसे तपासावे?

महिन्यातून एकदा चूळ भरून, चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहा. कवळी असेल तर काढून ठेवा.

- दोन्ही ओठ बाहेर वळवून आतली बाजू पाहा.
- गाल बोटाने ओढून आतली बाजू पाहा. जिथे मावा किंवा तंबाखू धरता, ती जागा नीट पाहा.
- जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा पाहा, मग ती टाळूला लावून खालचा भाग पाहा.
- हिरड्या आणि टाळू पाहा.
- तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, ते पाहा.
- मानेवर दोन्ही बाजूंना बोटे फिरवून गाठ लागते का, ते पाहा.

पुढीलपैकी काही आढळले तर डॉक्टरांना किंवा दंतवैद्याला दाखवा :

- दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम किंवा फोड
- पुसून न जाणारा पांढरा चट्टा, किंवा लाल चट्टा (लाल चट्टा जास्त काळजीचा असतो)
- तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणे
- शेंगाचटणी किंवा ठेचा पूर्वी चालत होता, आता साधी भाजीही झोंबते, असे होणे
- गालात किंवा मानेत गाठ
- कारण नसताना दात हलणे, तोंडातून रक्त येणे, गिळताना त्रास होणे

प्रत्येक पांढरा चट्टा कॅन्सर नसतो. बहुतेक चट्टे पुढे कॅन्सर होतही नाहीत. पण कोणता होईल हे नुसते पाहून सांगता येत नाही, म्हणूनच तपासणी लागते.

बायोप्सीची भीती कशासाठी?

"सुरी लागली की कॅन्सर पसरतो" ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. तिला आधार नाही. घडते असे की, लोक भीतीने बायोप्सी टाळतात, सहा-आठ महिने मलम आणि काढे यांत जातात आणि शेवटी तपासणी होते तेव्हा आजार पुढे गेलेला असतो. मग दोष बायोप्सीवर येतो.

तोंडातली बायोप्सी साधारणपणे जागा बधिर करून केली जाते. काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, लागला तर एखादा टाका घालतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. दोन-चार दिवस मऊ आणि कमी तिखट खावे लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल किंवा बधिर करण्याच्या इंजेक्शनची ॲलर्जी असेल, तर आधी सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पेशी कशा आहेत, आजार आहे का, असल्यास कोणत्या प्रकारचा, हे कळते. उपचार यावरच ठरतात. सुरुवातीच्या टप्प्यात सापडलेला तोंडाचा कॅन्सर बऱ्याचदा शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर जबड्याचे हाड काढावे लागणे, किरणोपचार, केमोथेरपी आणि खाण्या-बोलण्याचा कायमचा त्रास वाढत जातो.

सोलापूर जिल्ह्यात कुठे जावे?

राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ३० वर्षांवरील लोकांची तोंडाच्या कॅन्सरसाठी प्राथमिक तपासणी आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. गावातल्या आशाताईंना विचारा. सोलापूर शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. ग्रामीण भागातल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवण्याचे भारतातले पहिले काम १९८७ मध्ये बार्शी परिसरातच सुरू झाले. म्हणजे प्रत्येक वेळी पहिल्या तपासणीसाठी मुंबई गाठायची गरज नाही.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना भेटा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करता येतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रामन तपासणीचा लेसर शरीराला घातक असतो का?
संशोधनात कमी शक्तीचा, बहुधा डोळ्यांना जेमतेम दिसणारा, लाल रंगापलीकडचा प्रकाश वापरतात. तो एक्स-रेसारखा नसतो. डोळ्यांत थेट जाऊ नये म्हणून चष्म्याची काळजी घेतली जाते.

संशोधनात सहभागी व्हायला सांगितले तर व्हावे का?
हरकत नाही. रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीची मान्यता आहे का, हे विचारा. संमतिपत्र मराठीत वाचून घ्या. नेहमीची बायोप्सी आणि उपचार त्यामुळे लांबणार नाहीत, याची खात्री करा. अशा चाचणीत सहभागी व्हायला पैसे द्यावे लागत नाहीत.

एखाद्या शिबिरात 'लेसर स्कॅनने कॅन्सर तपासणी' केली आणि सगळे ठीक सांगितले. आता बायोप्सी टाळावी का?
नाही. डॉक्टरांना चट्टा संशयास्पद वाटला असेल, तर कोणत्याही स्कॅनच्या 'ठीक आहे' या उत्तराने बायोप्सी रद्द होत नाही.

तंबाखू सोडला तर चट्टा जातो का?
काही चट्टे लहान होतात किंवा जातातही. तंबाखू सोडणे हा उपचाराचा पहिला भाग आहेच. पण चट्टा गेला तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना तपासणी चालू ठेवा. सुपारीमुळे तोंड उघडणे कमी झाले असेल, तर तो कडकपणा सहसा पूर्वीसारखा होत नाही, पण सुपारी सोडल्याने पुढचा धोका घटतो.

ही चिप आपल्याकडे कधी येईल?
मोठ्या चाचण्यांमध्ये ती बायोप्सीच्या निकालाशी कितपत जुळते, यावर ते अवलंबून आहे. आज तोंडात चट्टा असेल तर त्यासाठी थांबू नका. दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम असेल, तर याच आठवड्यात दाखवा.